मिझोराम करारापासून सुरुवात: संघर्षानंतरच्या राष्ट्रउभारणीचा अभ्यास कसा करावा

30 जून 1986 रोजी दिल्लीत एका कागदावर तीन सह्या झाल्या. एक मिझो नॅशनल फ्रंट या बंडखोर संघटनेचे नेते लालडेंगा यांची, दुसरी मिझोरामचे मुख्य सचिव लालखामा यांची आणि तिसरी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांची. प्रधान महाराष्ट्र केडरचे. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना ते त्यांचे खाजगी सचिव होते, आणि करारावर सही केली तो त्यांच्या गृहसचिवपदाचा शेवटचा दिवस होता. वीस वर्षं चाललेलं सशस्त्र बंड त्या दिवशी संपलं, आणि मिझो नॅशनल फ्रंटने त्यानंतर पुन्हा शस्त्र उचललं नाही.

राष्ट्रीय सुरक्षा, युद्धनीती, संघर्षानंतरची राष्ट्रउभारणी अशा विषयांत संशोधन करायचं म्हणून माझ्याकडे मुलं-मुली येत असतात. कुणी एम.ए.ला असतं, कुणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता करता या विषयात गुंतलेलं असतं, कुणी दिवसा नोकरी करून रात्री वाचत असतं. बहुतेकांच्या वहीच्या पहिल्या पानावर ‘हिंद-प्रशांत क्षेत्रातील बदलते सत्तासंतुलन’ असा काहीतरी विषय लिहिलेला असतो. मी ती वही बाजूला ठेवायला सांगतो आणि मिझोराम कराराची प्रत हातात देतो. करार लहान आहे, एका बैठकीत वाचून होतो. तो आपल्याच राज्यघटनेच्या चौकटीतला आहे. आणि त्याला आता जवळजवळ चार दशकं झाली असल्यामुळे सहीनंतर काय घडलं हे तपासता येतं. या विषयातला खरा अभ्यास सहीच्या नंतरच्या वर्षांचाच असतो, आणि नवखा माणूस नेमका सहीपाशी थांबतो. म्हणून ही वाट पायरीपायरीने लिहून ठेवतो आहे.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात बसवा

‘मिझोराममधील बंडखोरी: एक अभ्यास’ हा मथळा झाला, प्रश्न झाला नाही. आपलं उत्तर चुकीचं ठरू शकेल अशी जागा ज्यात आहे, तो प्रश्न.

एक उदाहरण देतो. 1 जुलै 1976 रोजीही भारत सरकार आणि लालडेंगा यांच्यात समझोता झाला होता. मिझोराम भारताचा अविभाज्य भाग आहे हे त्यांनी तेव्हाच मान्य केलं होतं. तो समझोता टिकला नाही. 1986 चा टिकला. मधल्या दहा वर्षांत काय बदललं? हा प्रश्न एका वाक्यात मावतो आणि त्याची उत्तरं तपासून बघता येतात. कुणी म्हणेल, बांगलादेश झाल्यावर बंडखोरांचे पूर्व पाकिस्तानातले तळ गेले म्हणून ते नमले. पण बांगलादेश 1971 मध्ये झाला. तेवढ्याने काम होणार असतं तर 1976 चाच समझोता टिकायला हवा होता. म्हणजे हे कारण खरं असलं तरी एकटं पुरत नाही, हे आपल्याला नुसत्या दोन तारखा शेजारी ठेवून कळलं. पहिल्या आठवड्यात इतपत पोचलात तरी पुष्कळ झालं.

दुसरी पायरी: तारीखवही घाला

एक जाड वही घ्या, किंवा संगणकावर तक्ता करा. चार रकाने पाडा: तारीख, ठिकाण, कोणी काय केलं, हे मला कुठून कळलं. चौथा रकाना रिकामा राहिला तर ती नोंद पेन्सिलीने लिहा.

मिझोरामची तारीखवही बांबूपासून सुरू होते. तिथल्या डोंगरांवरचा बांबू साधारण 48 वर्षांनी एकदम फुलतो, त्याची फळं खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि मग उभ्या पिकावर तुटून पडतात. मिझो लोक या दुष्काळाला ‘माउताम’ म्हणतात. 1958-59 मध्ये माउताम आला तेव्हा हा भाग आसामचा मिझो हिल्स जिल्हा होता आणि सरकार शिलाँगला होतं. धोक्याची सूचना आधी देऊनही मदत वेळेवर पोचली नाही ही भावना खोल रुतली. दुष्काळात मदत करणारी संघटना 22 ऑक्टोबर 1961 रोजी मिझो नॅशनल फ्रंट झाली. 1 मार्च 1966 ला तिने स्वातंत्र्य जाहीर केलं. ऐजॉल, लुंगलेई, चंफाई इथल्या आसाम रायफल्सच्या ठाण्यांवर हल्ले केले. 5 मार्चला भारतीय हवाई दलाच्या विमानांनी ऐजॉलवर मारा केला. 1967 पासून गावं हलवून एकत्र करणं सुरू झालं. 21 जानेवारी 1972 ला मिझोराम केंद्रशासित प्रदेश झाला. मग 1976, मग 1986, आणि 20 फेब्रुवारी 1987 ला राज्य.

इथे बरेच जण वही मिटतात. पुढे चला. 2006-07 मध्ये बांबू पुन्हा फुलला. तेच डोंगर, तेच उंदीर. पिकांची मोठी हानी झाली, लोकांचे हाल झाले. पण या वेळी सरकार ऐजॉलमध्येच होतं, बांबू फुलायच्या आधीच त्यासाठी योजना आखलेली होती, उंदरांच्या शेपट्या आणून दिल्यावर पैसे मिळत होते. आणि मुख्यमंत्रिपदावर झोरामथांगा होते, जे स्वतः वीस वर्षं लालडेंगांबरोबर भूमिगत राहिलेले. दुष्काळ आला आणि बंड झालं नाही. समाजशास्त्रात प्रयोगशाळा मिळत नाही असं म्हणतात. इथे निसर्गाने जवळजवळ तीच परीक्षा पुन्हा घेतली. तुमची तारीखवही 1986 ला संपली असती तर ही नोंद तुमच्या हाती लागली नसती.

तिसरी पायरी: शब्द तपासा

करारात 1966 नंतरच्या काळाला ‘अशांतता’ म्हटलं आहे. मिझो माणूस त्याच काळाला ‘रामबुआई’ म्हणतो, म्हणजे देश गढुळला, ढवळून निघाला तो काळ. लष्करी लेखनात ‘बंडखोरीविरोधी मोहीम’ येतं. तिन्ही शब्द एकाच गोष्टीबद्दल आहेत आणि प्रत्येकात कुणाची तरी बाजू आहे. निबंधात कोणता वापरणार आणि का, हे सुरुवातीलाच दोन ओळींत लिहा.

मराठीत आणखी एक अडचण आहे. ‘राज्य’ म्हणजे महाराष्ट्रासारखं घटकराज्यही आणि शासन करणारी संपूर्ण संस्थाही. ‘राष्ट्रउभारणी’ म्हणताना आपल्या मनात नक्की काय असतं? रस्ते, न्यायालयं, तिजोरी, पोलिस ही यंत्रणा उभारणं एक. आणि हा देश माझा आहे असं लोकांना वाटू लागणं दुसरं. मिझोराममध्ये पहिली गोष्ट काही वेळा बंदुकीच्या धाकाने झाली, आणि तिने दुसरी मागे ढकलली. मी यंत्रणेसाठी ‘राज्यसंस्था’ आणि मनाच्या नात्यासाठी ‘राष्ट्र’ असे दोन शब्द वेगळे ठेवतो. तुम्ही दुसरे निवडा, पण वेगळे ठेवा.

चौथी पायरी: करार कलमागणिक वाचा आणि प्रत्येक कलमाचा माग काढा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. तिला महिना लागला तरी घाई करू नका.

एका कलमाला एक पान द्या. पानावर चार प्रश्न लिहा. हे कुणी करायचं होतं? कधीपर्यंत? केलं का? आणि आज त्याचं काय? उत्तर मिळत नसेल तर जागा मोकळी सोडा.

पहिला गट शस्त्रांचा. मिझो नॅशनल फ्रंटने ठरलेल्या मुदतीत आपली माणसं शस्त्रांसह बाहेर आणायची, आपली घटना कायद्याला धरून दुरुस्त करायची, त्रिपुरा-मणिपूरमधल्या इतर सशस्त्र गटांना मदत करायची नाही. केंद्राने बाहेर येणाऱ्यांचं पुनर्वसन करायचं. पहिल्या भागाचा माग सोपा आहे, कारण त्याचं फळ उघड दिसतं: भूमिगत संघटना निवडणुका लढवणारा पक्ष झाली. पुनर्वसनाचा माग कठीण. परत आलेल्यांनी पुढे आपली संघटना काढली आणि दिलेली आश्वासनं पुरी करा अशी मागणी ते वर्षानुवर्षं करत राहिले. आपल्याकडे कोयनेच्या किंवा इतर धरणग्रस्तांच्या फायली ज्यांनी चाळल्या आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. ‘पुनर्वसन करण्यात येईल’ या तीन शब्दांच्या मागे माणसाचं अख्खं आयुष्य निघून जातं.

दुसरा गट घटनेचा. मिझो लोकांच्या धार्मिक-सामाजिक प्रथा, रूढी कायदा, त्यानुसार चालणारा न्याय, आणि जमिनीची मालकी व हस्तांतर या बाबतींत संसदेचा कायदा मिझोराम विधानसभेने ठराव केल्याशिवाय तिथे लागू होणार नाही. 53 व्या घटनादुरुस्तीने हेच अनुच्छेद 371 जी म्हणून राज्यघटनेत आलं. नागालँडसाठी 371 ए आधीपासून होता. दोन्ही शेजारी ठेवून शब्दन्‌शब्द ताडून पाहा. आणि हे जुनं झालेलं कलम समजू नका. फेब्रुवारी 2023 मध्ये मिझोराम विधानसभेने समान नागरी कायद्याला विरोध करणारा ठराव एकमताने केला, तेव्हा त्यामागे हीच तरतूद उभी होती.

तिसरा गट मला सर्वांत बोलका वाटतो, कारण त्यात सरकारने ‘नाही’ म्हटलेलं आहे. शेजारच्या राज्यांतले मिझो वस्तीचे भाग एकत्र करावेत अशी मागणी फ्रंटच्या प्रतिनिधींनी मांडली, हे करारातच नोंदवलं आहे. त्यापुढे सरकारचं उत्तरही आहे: अनुच्छेद 3 मध्ये त्याची रीत दिलेली आहे, सरकार याबाबत कोणतंही वचन देऊ शकत नाही. जी मागणी मान्य झाली नाही ती लपवली नाही, खोडली नाही, कागदावर राहू दिली. वाटाघाटी करणाऱ्यांची ही हुशारी नवख्यांनी बारकाईने पाहावी. मतभेद नोंदवून ठेवल्यामुळे लालडेंगांना आपल्या माणसांना सांगता आलं की मी मागितलं होतं, आणि दिल्लीला सांगता आलं की आम्ही दिलं नाही.

चौथा गट छोट्या-छोट्या गोष्टींचा. राज्य झाल्यावर स्वतंत्र विद्यापीठ मागता येईल. मिझोराम विद्यापीठ 2001 मध्ये सुरू झालं. हवं असल्यास स्वतःचं उच्च न्यायालय मिळू शकेल. ऐजॉलला गुवाहाटी उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. 1966 पासून मारले गेलेल्यांच्या वारसांना सानुग्रह रक्कम, पिकांची आणि घरांची नुकसानभरपाई, सुरक्षा दलांनी वापरलेल्या जागांचं थकलेलं भाडं, यांचे राहिलेले दावे लवकर निकालात काढायचे. एक-एक दावा एका-एका कुटुंबाचा. या कलमाच्या पानावर मोकळ्या जागा जास्त राहतील, आणि चांगला निबंध त्याच मोकळ्या जागांतून निघतो.

अल्पसंख्याकांचे घटनात्मक हक्क जपले जातील असंही करारात आहे. हे पान भरताना 1997 पाशी थांबावं लागेल. त्या वर्षी ब्रू समाजाची हजारो माणसं मिझोराममधून त्रिपुरात पळाली आणि छावण्यांत राहिली. त्यांना त्रिपुरातच वसवण्याचा करार जानेवारी 2020 मध्ये झाला. मधली दोन दशकांहून अधिक वर्षं छावणीत गेली. मिझोरामला ‘यशस्वी शांतता’ म्हणताना ती कुणासाठी यशस्वी झाली, हे या पानावरून समजतं. मिझोराम हे मोठं यश आहे असंच माझं मत आहे, आणि तरीही हे पान कुणी गाळलं तर मी निबंध परत करतो.

करारात नसलेलीही एक गोष्ट या पानांच्या शेवटी लिहा. काँग्रेसचे लाल थनहॉला तेव्हा निवडून आलेले मुख्यमंत्री होते. ऑगस्ट 1986 मध्ये त्यांनी ते पद लालडेंगांसाठी सोडलं आणि स्वतः उपमुख्यमंत्री झाले. पुढच्या निवडणुकीत लालडेंगांचा पक्ष जिंकला. 1988 मध्ये पक्षांतरामुळे त्यांचं सरकार पडलं, राष्ट्रपती राजवट आली, 1989 च्या निवडणुकीत ते हरले. आणि हरल्यावर जंगलात परतले नाहीत. शांतता टिकली की नाही याची पहिली कठोर कसोटी मला हीच वाटते: जो बंदूक खाली ठेवून आला, तो मतपेटीत हरल्यावर काय करतो.

पाचवी पायरी: लष्करी डावपेच लोकांच्या घरातून वाचा

युद्धनीती म्हटलं की नवखे लोक नकाशावर बाण काढतात. मिझोरामचा नकाशा गावांचा काढा.

जानेवारी 1967 पासून सिल्चर-ऐजॉल-लुंगलेई रस्त्याच्या दुतर्फा असलेली 106 गावं उठवून 18 केंद्रांत आणली गेली. सरकारी नाव होतं ‘संरक्षित आणि प्रगतिशील गावं’. लोकांच्या तोंडी शब्द राहिला ‘खॉखॉम’, म्हणजे गावं गोळा करणं. पुढच्या तीन-चार वर्षांत आणखी टप्पे झाले आणि ग्रामीण लोकसंख्येचा बराच मोठा भाग आपल्या मूळ गावातून उठला. कल्पना नवी नव्हती. ब्रिटिशांनी मलायात 1950 पासून ब्रिग्ज योजनेखाली सुमारे पाच लाख लोकांना ‘नव्या गावांत’ हलवलं होतं. उद्देश दोन्हीकडे एकच: बंडखोराला मिळणारं अन्न, आसरा आणि बातमी तोडायची.

आता त्या घरात शिरून विचार करा. मिझो शेतकरी फिरती शेती करायचा, जिला तिथे झूम म्हणतात. कोकणातल्या वाचकांना कुमरी शेती ठाऊक असेल. तशीच, डोंगरउतारावर दरवर्षी नवी जागा. गाव एका जागी, शेतं लांब पसरलेली. गाव पंधरा-वीस किलोमीटर हलवलं, वर संचारबंदी लावली आणि जाण्या-येण्यावर पास बसवला, तर शेत पिकायचं कसं? धान्य सरकारकडून घ्यावं लागतं. जो डाव बंडखोराची रसद तोडण्यासाठी होता त्याने सामान्य घराचंही अन्न सरकारच्या हाती गेलं. लष्करी दृष्टीने हे यश ठरलं असेल. राग किती साठला याचा हिशेब वेगळ्या वहीत करावा लागतो.

इथे मराठी अभ्यासकाला एक खास काम आहे. मार्च 1966 मध्ये ऐजॉलवर हवाई मारा झाला तेव्हा संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते. नोव्हेंबर 1966 मध्ये ते गृहमंत्री झाले, म्हणजे खॉखॉमच्या काळात गृहखातं त्यांच्याकडे होतं. आणि वीस वर्षांनी करारावर सही करणारे गृहसचिव त्यांच्याच हाताखाली घडलेले. यशवंतरावांवर आपल्याकडे विपुल लिहिलं गेलं आहे, पण 1962 नंतरची सैन्याची उभारणी आणि 1965 चं युद्ध यांच्या पुढे मिझो टेकड्यांना जागा फार थोडी मिळते. निर्णयांत त्यांचा वाटा किती, सैन्याचा किती, आसाम सरकारचा किती, हे कागद बघून ठरवावं. आधीच आरोपपत्र लिहू नये आणि आधीच वकीलपत्रही घेऊ नये.

सहावी पायरी: जनगणना उघडा

सुरक्षेचे अभ्यासक जनगणनेकडे क्वचितच जातात, आणि ती तर सगळ्यांना खुली आहे. 1961 मध्ये मिझो हिल्समध्ये शहरी लोकसंख्या 5 टक्क्यांच्या आसपास होती. 1971 मध्ये 11, 1981 मध्ये जवळजवळ 25, 1991 मध्ये 46, आणि 2011 मध्ये 52 टक्क्यांच्या वर. महाराष्ट्रासारखं कारखान्यांचं राज्य 2011 मध्ये 45 टक्क्यांवर आहे. कारखाने नसलेलं डोंगराळ मिझोराम त्याच्या पुढे कसं गेलं?

खॉखॉममुळे, असं लिहायला हात शिवशिवेल. थांबा. 1972 नंतर ऐजॉल राजधानी झालं, सरकारी नोकऱ्या आल्या, शाळा-कॉलेजं आली. शिवाय कोणत्या वस्तीला ‘शहर’ म्हणायचं हे जनगणनेत ठरवलं जातं, आणि दोन जनगणनांमध्ये नवी नावं त्या यादीत येतात. म्हणून जिल्हानिहाय जनगणना पुस्तिका काढा, 1967 च्या केंद्रांची नावं शोधा, त्यातली किती पुढे शहर म्हणून नोंदली गेली ते पाहा. सहा-सात नावांचा माग लागला तरी तुमच्याकडे असं काहीतरी असेल जे दुसऱ्याचं वाचून लिहिलेलं नाही.

सातवी पायरी: बखर आणि अस्सल कागद वेगळे ठेवा

मराठी वाचकाला हा फरक शिकवावा लागत नाही. राजवाड्यांनी गावोगाव फिरून दप्तरं गोळा केली ती याच हट्टापायी: घटनेच्या वेळचं पत्र एका पेटीत, नंतर आठवून लिहिलेली बखर दुसऱ्या पेटीत. निवृत्त सेनाधिकाऱ्याचं आत्मचरित्र, मुत्सद्द्याच्या आठवणी, बंडखोर नेत्याची मुलाखत या आजच्या बखरी आहेत. त्या वाचाव्याच; माणसाला आपण कसं लक्षात राहावं असं वाटतं ते त्यात दिसतं. पण तारीख आणि आकडा तिथून उचलू नका.

अस्सल कागद कुठे मिळतात? लोकसभा आणि राज्यसभेच्या चर्चा संसदेच्या संकेतस्थळांवर घरबसल्या वाचता येतात. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर सूची शोधा. काही फायली पडद्यावरच उघडतात, काहींसाठी दिल्लीला जावं लागतं. अडीच दशकांहून जुने कागद अभिलेखागाराकडे जावेत असा 1993 च्या कायद्याचा दंडक असला तरी संरक्षणाच्या सगळ्या फायली तिथे पोचलेल्या नसतात. लष्करी मोहिमांचे इतिहास आणि कागद खुले करण्याचं धोरण संरक्षण मंत्रालयाने 2021 मध्ये जाहीर केलं, तेही वाचून ठेवा. दिल्लीतल्या मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन संस्थेची प्रकाशनं दुय्यम साधनांसाठी उपयोगी पडतात. गोव्याच्या या नेत्याचं नाव तिला 2020 मध्ये दिलं गेलं. पुण्यात असाल तर विद्यापीठाच्या संरक्षण आणि सामरिकशास्त्र विभागाचं ग्रंथालय आधी गाठा.

एक पेटी अनपेक्षित आहे: मिशनऱ्यांची. उत्तर मिझोराममध्ये वेल्सचे प्रेस्बिटेरियन होते, दक्षिणेत बॅप्टिस्ट. त्यांची पत्रं आणि अहवाल ॲबरिस्टविथच्या वेल्स राष्ट्रीय ग्रंथालयात आणि ऑक्सफर्डच्या अँगस ग्रंथालयात आहेत. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मुलांनो, हे काम इथून कुणाला करायचं तर व्हिसा आणि विमानाचा खर्च आहे. तुम्हाला फक्त एक रेल्वेप्रवास. मनावर घ्या.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज करणार असाल तर आधी कायदा वाचा. कलम 8 मध्ये सुरक्षेशी निगडित माहितीला सूट आहे, आणि कलम 24 खाली गुप्तचर यंत्रणांसह आसाम रायफल्ससारख्या संस्था वगळलेल्या आहेत. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाची माहिती एवढाच तिथे अपवाद. म्हणून अर्ज नुकसानभरपाईच्या कलमावर करा, मोहिमेवर नको. भरपाईचे दावे हा महसुलाचा विषय आहे, त्याचं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

आठवी पायरी: माणसांकडे शेवटी जा, आणि जपून जा

मुलाखती घ्यायला पहिल्याच महिन्यात निघू नका. समोरच्याने आयुष्यातली सर्वांत वाईट रात्र सांगावी आणि आपण विचारावं ‘लुंगलेई कुठे आलं?’ हे होऊ देऊ नये.

मिझोराममध्ये जायला इनर लाइन परवाना लागतो; त्याचा कायदा 1873 चा आहे आणि करारातही त्याचा उल्लेख आहे. रविवारी भेटी ठरवू नका, तो चर्चचा दिवस. मिझो भाषा रोमन लिपीत लिहितात, म्हणून वाचता येतं असं वाटतं. समजत मात्र नाही. दुभाषा घ्या, आणि तो त्या गावचा नसेल तर बरं. कारण सांगतो. रामबुआईच्या आठवणीत ‘कॉक्तू’ हा शब्द येतो: बोट दाखवणारा, खबऱ्या. लष्कराने गाव मैदानात उभं करायचं आणि कुणीतरी बोट दाखवायचं. त्यांची मुलं, नातवंडं आजही शेजारीशेजारी राहतात. बाहेरून सैन्य विरुद्ध जनता असं दिसणारं चित्र गावात शिरल्यावर फार गुंतागुंतीचं होतं. गावचाच दुभाषा असेल तर समोरची आजी नेमकं हेच बोलणार नाही, आणि बोलली तर तिला नंतर त्रास.

नाव छापायचं की नाही हे बोलणं झाल्यावर पुन्हा एकदा विचारा. ध्वनिमुद्रण बंद करा म्हटलं की लगेच बंद करा, आणि त्यानंतर ऐकलेलं निबंधात वापरू नका. बायकांशी बोलायचं असेल तर शक्यतो बाईनेच जावं. आणि गावी परतल्यावर लिहिलेला मजकूर त्यांच्याकडे पाठवा, त्यांच्या भाषेत, छापायच्या आधी.

नववी पायरी: आता तुलना करा

तुलना शेवटी येते, कारण एक प्रकरण नीट कळल्याशिवाय दोन शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. मिझोरामसाठी तीन जोड्या सुचवतो. पहिली, नागालँडचा 1975 चा शिलाँग करार. तिथे मुख्य नेते फिझो सहीत नव्हते आणि 1980 मध्ये नवी सशस्त्र संघटना उभी राहिली. दुसरी, ऑगस्ट 1985 चा आसाम करार. पंतप्रधान तेच (राजीव गांधी), गृहसचिव तेच, पण आसामी लोकांना घटनात्मक संरक्षण देण्याच्या कलम 6 वर आजही वाद चालू आहे. तिसरी, सीमेपलीकडे बांगलादेशात झालेला 1997 चा चितगाव डोंगरी भागाचा करार. एकच निवडा. तिन्ही घेतल्यात तर तक्ता होईल, निबंध होणार नाही.

पहिला निबंध

तीन हजार शब्द पुरे. विषय एका कलमाएवढा ठेवा. पुण्या-मुंबईतून बाहेर न पडता करता येईल असा एक विषय हवा असेल तर हा घ्या: मार्च 1966 मध्ये ऐजॉलबद्दल लोकसभेत कोण काय बोललं. गुलझारीलाल नंदा गृहमंत्री म्हणून, चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून, आणि ईशान्येचे खासदार. विमानांबद्दल विचारलं गेलं का, उत्तर काय आलं, कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला. मग 10 ऑगस्ट 2023 च्या लोकसभेतल्या चर्चेपाशी या; अविश्वास ठरावाला उत्तर देताना पंतप्रधान मोदींनी त्याच हवाई माऱ्याचा उल्लेख केला. एकाच घटनेबद्दल एकाच सभागृहात 57 वर्षांच्या अंतराने झालेली दोन बोलणी. दोन्हींची पानं संसदेच्या संकेतस्थळावर आहेत. वही काढा, चार रकाने पाडा आणि 1966 चा मार्च महिना उघडा.